थेंब न टाकलेला डोळा

त्या हिवाळ्यात मी आजार मोजत होते. आमच्या हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या ओपीडीची मागच्या काही वर्षांची रजिस्टरं माझ्या टेबलावर आणून टाकली होती. एकेक ओळ वाचायची, त्या रुग्णाला डोळ्याच्या पडद्याचा कोणता आजार निघाला ते बघायचं आणि कागदावर त्या आजाराच्या नावापुढे एक रेघ मारायची. चार रेघा उभ्या, पाचवी आडवी. आमच्या मोठ्या डॉक्टरांना एका परिषदेत यावर बोलायचं होतं. बोलणार ते, टाळ्या त्यांना, रेघा माझ्या. माझी तक्रार नव्हती. तक्रार करायलाही अंगात थोडा जोर लागतो, आणि तो माझ्याकडे संध्याकाळी उरत नसे.

मी डॉक्टर नव्हते. चष्म्याचा नंबर काढणं, थेंब टाकणं, लेझरच्या मशीनवर रुग्णाचं डोकं मागून धरून उभं राहणं, ही माझी कामं. लग्नाआधी हा कोर्स केला तेव्हा वडील म्हणाले होते, पुढेमागे उपयोग होईल. झाला. मिस्टर दिल्लीत एका मंत्रालयात कारकून होते, त्यांच्यामागे मी इथे आले आणि वर्षभरात सरकारी हॉस्पिटलात लागले. दिवसभर बाहेर हिंदी, घरी मराठी. हळूहळू घरातल्या मराठीतही अच्छा आणि चलो शिरले, आणि मी त्यांना अडवलं नाही.

पडदा म्हणजे डोळ्याच्या आत, अगदी मागच्या भिंतीला असलेलं पातळ अस्तर. आपण जे बघतो त्याचं चित्र तिथे उमटतं. तो बाहेरून दिसत नाही. वरून डोळा स्वच्छ, पाणीदार, कोणीही छान म्हणावं असा, आणि आत पडद्यावर रक्त सांडलेलं, असे डोळे मी रोज बघत होते. पडदा नीट तपासायचा तर आधी थेंब टाकून बाहुली मोठी करावी लागते. मग चार-पाच तास जवळचं वाचता येत नाही, ऊन सोसत नाही, वाहन चालवायचं नाही. लोकांना हे थेंब अजिबात नको असतात. कोणाला दुकानावर बसायचं असतं, कोणाला ऑफिसात परत जायचं असतं. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, की दवाई के बिना कुछ नहीं दिखेगा, और बिना देखे मैं जाने नहीं दूँगी. त्या बाबतीत मी कडक म्हणून प्रसिद्ध होते.

मोजायला बसण्याआधी मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मोतीबिंदूच सगळीकडे, पडद्याचे आजार त्या मानाने कमी. इतकी वर्षं त्याच खोलीत काढून मला खरं काय ते कळलं नव्हतं, कारण समोर एकेक माणूस येतो तेव्हा माणूस दिसतो, किती आले ते दिसत नाही. रेघा मारायला लागले आणि कागद पुरेना. शुगरमुळे पडदा बिघडलेल्यांचा रकाना दुसऱ्या पानावर गेला, मग तिसऱ्या. ब्लडप्रेशरने आतली शीर बंद पडलेले होते. वयाने पडद्याचा मधला भाग झिजून समोरच्याचा चेहराच पुसला गेलेले होते. जाड चष्म्याची तरुण मुलंमुली होती, ज्यांचा पडदा एके सकाळी भिंतीवरून सुटून आला होता. पण शुगरवाल्यांनी सगळ्यांना मागे टाकलं होतं. आकडा मी इथे सांगत नाही, तो डॉक्टरांचा. मला आठवतो तो अंगठ्यापाशी लागलेला ठणका.

ती वर्षंच तशी होती. सगळं एकदम खुलं झालं होतं. दुकानांत माल, रस्त्यावर नव्या गाड्या, आणि ज्याच्या त्याच्या हाताला जास्तीचं काम. करोल बागेत गाड्यांचे पार्ट विकणारा एक माणूस यायचा. दोन वर्षांत दुपारी धड जेवायला बसलो नाही, काउंटरवरच समोसे खातो, असं तो कौतुकाने सांगे. सकाळची गोळी विसरली की तो संध्याकाळी दोन घ्यायचा आणि हिशेब जुळला म्हणायचा. पानिपतचे एक हातमागवाले आले तेव्हा त्यांना निळं सूत आणि काळं सूत वेगळं ओळखता येत नव्हतं. कॅन्टोन्मेंटमधून आपल्याकडचे एक निवृत्त सुभेदार यायचे. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांना इतका आनंद झाला की डोळ्याचं विचारायचंच राहिलं, दारातून परत आले. सगळ्यांचं दुखणं एकच होतं, उशीर. एक डोळा बिघडला तरी दुसरा त्याचं काम करत राहतो, आणि माणूस काही एकेक डोळा झाकून जगाकडे बघत नाही. दुसराही बिघडला की मग आमच्याकडे.

आणि माझ्या मिस्टरांना शुगर होती. आठ वर्षांपासून. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे जे आहे ते त्यांच्या डोळ्यांबद्दल आहे, आणि दिवसभर दुसऱ्यांचे डोळे सांभाळणाऱ्या बाईच्या हातून ते कसे निसटले त्याबद्दल.

शुगर निघाली तेव्हा आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, पुढे जरासं अंगण, शेजारी एक बंगाली आणि एक तमिळ कुटुंब. दवाखाना कोपऱ्यावर, हॉस्पिटल बसने तीन स्टॉप. तिथे आयुष्य तसं सोपं होतं, फक्त ते आपलं नव्हतं, आणि मिस्टरांना आपलं घर हवं होतं. त्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून नोएडात एक सोसायटी काढली होती. आमचा नंबर लागला. ताबा मिळाला त्याच महिन्यात क्वार्टर सोडून आम्ही यमुनेपलीकडे राहायला गेलो. मी म्हटलं होतं, निवृत्तीपर्यंत इथेच राहू या, घाई काय आहे. ते म्हणाले, घर बंद ठेवायला घेतलं का? मला त्यांच्याशी वाद घालायचा कंटाळा होता, आणि तिसऱ्या खोलीचा मोहही होता, खोटं कशाला बोलू.

तिसरी खोली मिळाली आणि बाकी सगळं गेलं. चहूकडे वाळूचे ढीग, अर्धवट उभे खांब, पाण्याचा टँकर, आणि बस म्हणजे सकाळी एक चार्टर्ड, ती चुकली की संपलं. म्हणून आम्ही दोघं स्कूटरवर. ते मला हॉस्पिटलच्या गेटावर सोडायचे आणि पुढे ऑफिसला जायचे. संध्याकाळी ते माझ्या खोलीत येऊन अक्षरांच्या तक्त्यासमोरच्या बाकावर बसायचे, माझं काम आवरेपर्यंत वर्तमानपत्र चाळायचे. माझ्या मागे कुठेतरी त्यांचा पान उलटण्याचा आवाज येत राहायचा आणि मला तो आवडायचा. मग स्कूटरवरून तासभर धूर खात घरी. घरी पोचल्यावर मी आधी जमिनीवर बसत असे, सोफा होता तरी.

आता आमच्याकडची पद्धत सांगते. बाहेरचा रुग्ण आला की त्याचं कार्ड बनतं, तो रांगेत बसतो, नंबर काढला जातो, थेंब पडतात, तासभर डोळे मिटून बसतो आणि मग डॉक्टर पडदा बघतात. स्टाफच्या घरच्यांना मात्र यातलं काही करावं लागत नसे. 'स्टाफ का आदमी है,' एवढं म्हटलं की कार्ड नाही, रांग नाही, थेंब नाहीत. जाता जाता डॉक्टर टॉर्च मारून बघायचे, खांद्यावर थाप द्यायचे आणि चहा विचारायचे. आम्हा सगळ्यांना तो आमचा मान वाटायचा. वॉर्डबॉयच्या आईपासून हेड नर्सच्या दिरापर्यंत सगळे असेच तपासले गेले होते. रांगेत बसून ज्यांनी पाच तास घालवले त्यांचे पडदे आम्ही बघितले, आणि ज्यांच्यावर आमचा जीव होता त्यांना मागच्या दाराने घेऊन तसंच बाहेर काढलं.

मिस्टर दर वर्षी एप्रिलमध्ये दाखवायचे. मार्चमधली ऑफिसची धावपळ संपली की एका संध्याकाळी मी त्यांचा नंबर बघायचे आणि मोठे डॉक्टर टॉर्च मारायचे. एका वर्षी डॉक्टरांनी विचारलंही होतं, दवा डाल दें? मिस्टर हसून म्हणाले की घरी स्कूटर कोण चालवणार. मीही हसले. डॉक्टर म्हणाले, मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी या. शनिवारी त्यांना सुट्टी असायची आणि आमची ओपीडी अर्धा दिवस चालू. जमलं असतं. पण शनिवारी टँकर यायचा, शनिवारी गॅस, शनिवारी गिरणी. नाहीतर कुठल्याही दिवशी स्कूटर हॉस्पिटलच्या आवारात ठेवून ऑटोने घरी गेलो असतो. एवढंच करायचं होतं. एका संध्याकाळचा ऑटो. मी इतरांना जे कडकपणे सांगत होते ते घरच्या माणसाला सांगितलं नाही, कारण त्या दिवशी मला लवकर घरी जाऊन जमिनीवर बसायचं होतं.

आणि त्या हिवाळ्यात मी रेघा मारत होते तेव्हा काय? मिस्टर पाठीमागे बाकावर बसलेले, माझ्या पुढ्यात शुगरवाल्यांचा रकाना. वय, किती वर्षांची शुगर, कोणत्या डोळ्यात काय. त्यांच्याच वयाची माणसं, त्यांच्याइतकीच वर्षं. एकदा मी मान वळवून त्यांच्याकडे बघितलंही होतं. पण माझ्या मनात आलं ते असं की यांना भूक लागली असेल. हे मी लपवत नाही. पुष्कळदा वाटतं की तेव्हा काहीतरी चमकून गेलं असेल आणि मीच ते दाबलं असेल, पण नाही, काहीच चमकलं नव्हतं. तो रकाना बाहेरच्या लोकांचा होता.

पुढच्या एप्रिलमध्ये नेहमीप्रमाणे त्यांना तक्त्यासमोर बसवलं. सगळे गेले होते, खोलीतला एक दिवा मी आधीच बंद केला होता. डोळा झाकायचा काळा चमचा त्यांच्या हातात दिला. आमच्यात उजव्या डोळ्यापासून सुरुवात करायची पद्धत आहे, म्हणजे आधी डावा झाकायचा. त्यांनी उजवा झाकला. मी म्हटलं, असू दे. डाव्या डोळ्याने त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलं. मग चमचा दुसऱ्या हातात घेऊन डावा झाकला आणि उजव्यानेही तेच, तितक्याच घडाघडा. दुसऱ्या डोळ्याने ओळ उलटी वाचायला लावायची, नाहीतर माणूस आठवणीने वाचतो, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. बाहेरच्या रुग्णाला मी त्यातून कधी सुटू दिलं नाही. त्यांना मी म्हटलं, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत, चला. ते उठताना टेबलाच्या उजव्या कोपऱ्याला धडकले. मी पर्स शोधत होते.

सोसायटीत आमची चेष्टा व्हायची. समोरच्या पंजाबी बाई म्हणायच्या, भाईसाहब को काहे की चिंता, आँखों की मैडम तो घर में है. मिस्टर म्हणायचे, हां जी, बिल्कुल.

मे महिन्यातली गोष्ट. सकाळी निघालो तेव्हाच आभाळ पिवळट होतं. आमच्या भागातून वाळूचे ट्रक सारखे जात, त्यातला एक पुढे होता, वर काही झाकलेलं नव्हतं. पुलाच्या अलीकडे एकदम वावटळ उठली. मी मागे पदर तोंडावर घेतला. आणि स्कूटर थांबली. कडेला नाही, रस्त्याच्या मधोमध. मागून हॉर्नवर हॉर्न. मला वाटलं पेट्रोल संपलं. मी खाली उतरून पुढे आले आणि चिडूनच विचारलं, काय झालं, इथे कुठे थांबलात. त्यांचा डावा डोळा घट्ट मिटलेला होता, त्यात वाळू गेली होती, पाणी वाहत होतं. उजवा डोळा सताड उघडा होता आणि माझ्याकडे वळलेला होता.

ते म्हणाले, "अगं, थांब जरा. काही दिसत नाहीये."

मी त्या उघड्या डोळ्यासमोर बोटं धरली. दोन. मग अख्खा पंजा. तो डोळा तसाच राहिला, पापणीसुद्धा लवली नाही. ज्या बाईने तीन पानं रेघा मारल्या तिला आता बोटं मोजून घ्यायची गरज नव्हती. कोणीतरी ट्रकमधून शिवी देऊन गेला. मी स्कूटर ढकलत कडेला आणली, मिस्टरांचा हात हँडलवर ठेवून, आणि पाण्याच्या बाटलीने त्यांचा डावा डोळा धुतला. तो उघडल्यावर ते म्हणाले, हां, आता ठीक आहे, चल, बस. मी त्यांना स्कूटरवर बसू दिलं नाही. आम्ही ऑटोने हॉस्पिटलात गेलो. हवा तेव्हा लगेच मिळाला ऑटो.

त्या दिवशी मी त्यांचं कार्ड बनवलं. रांगेत बसले त्यांच्याबरोबर, बाहेरच्या बाकावर, करोल बागेच्या आणि पानिपतच्या माणसांमध्ये. कार्ड भरणाऱ्या मुलीने, मीच तिला काम शिकवलं होतं, विचारलं की पडदा यापूर्वी कधी तपासलाय का. मी नाही म्हटलं. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत मिस्टर तिला म्हणाले, "कभी ज़रूरत ही नहीं पड़ी, बेटा." मला त्या क्षणी त्यांचा राग आला. माझी बाजू घ्यायला त्यांना कोणी सांगितलं होतं?

थेंब मीच टाकले. माझा हात कधी थरथरत नाही, त्या दिवशीही थरथरला नाही, आणि याची मला नंतर लाज वाटली. मोठ्या डॉक्टरांनी फार वेळ लावून बघितलं. उजव्या डोळ्यात आत रक्त भरलं होतं, आणि त्यामागे पडदा ओढला जाऊन सुटला होता, बऱ्याच महिन्यांचं काम होतं ते. डाव्या डोळ्यातही सुरुवात झाली होती, पण तो हातात होता, लगेच लेझर केलं तर. दिल्लीत लेझरला लोक सिकाई म्हणतात, म्हणजे शेक. डॉक्टर मला बाहेर घेऊन आले आणि म्हणाले की आपण सगळ्यांनीच बघायला हवं होतं. भला माणूस. पण सगळ्यांनी म्हटलं की कोणीच नाही असं होतं, आणि मला ते नको होतं.

डाव्या डोळ्याची सिकाई चार वेळा झाली. मशीनच्या पट्टीला कपाळ टेकवून बसायचं आणि डोकं तसूभरही हलवायचं नाही, म्हणून कोणीतरी मागून धरतं. माझंच काम ते. हजारो डोकी धरली होती मी, तेलाची, मेंदीची, टक्कल पडलेली. त्यांचं डोकं धरलं तेव्हा मागचे केस किती विरळ झालेत ते पहिल्यांदा बघितलं. हिरवा उजेड लागायचा की त्यांची मान जराशी ताठ व्हायची, बाकी हूं की चूं नाही. मी मनात एकच म्हणत होते, हा राहू दे. एवढा एक राहू दे. देवाला म्हणत होते की मशीनला, माहीत नाही.

तो राहिला. चष्मा लावून ते फाइल वाचू शकतात, सही करू शकतात, रस्ता ओलांडताना मान फार वळवावी लागते. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, फार कसलेल्या हाताच्या डॉक्टरांनी केलं, पण पडदा परत भिंतीला चिकटला नाही. समोर हात हलवला तर काहीतरी हललं एवढं कळतं. स्कूटर समोरच्या बाईंच्या मुलाने नेली. आम्ही सकाळची चार्टर्ड धरू लागलो, चुकली तर ऑटो. डॉक्टरांची परिषद त्याच सुमाराला झाली. ते परत आल्यावर मिठाई घेऊन आले आणि सगळ्यांसमोर माझ्या मोजणीचं कौतुक केलं. मी बर्फीचा तुकडा घेतला आणि रुमालात गुंडाळून ठेवला. आमच्या खात्यात मग एक बदल झाला, तो मात्र मी भांडून करून घेतला, की स्टाफच्या घरच्यांचंही कार्ड बनेल आणि थेंब पडतील. लोक कुरकुरले. हेड नर्सचे दीर तर दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मला फरक पडला नाही. कडकपणा मला पहिल्यापासून जमतो, फक्त तो कुठे दाखवायचा ते चुकलं होतं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना विचारली नव्हती. विचारायची हिंमत नव्हती म्हणा. तक्त्यावरची अक्षरं त्यांना पाठ होती हे उघड होतं, रोज संध्याकाळी त्यासमोर तास तास बसणाऱ्या माणसाला पाठ होणारच. पण त्यांनी ती मुद्दाम म्हणून दाखवली का? आधी उजवा का झाकला? फाइलीवर एक टाचणी इकडची तिकडे झाली तरी बेचैन होणारा माणूस, त्याने माझ्यापुढे खोटं का वाचलं?

शेवटी हिवाळ्यात, एका रविवारी दुपारी, बाल्कनीत उन्हात बसलो होतो. समोर आणखी एक इमारत वर चढत होती. मध्ये मटारच्या शेंगांचं ताट, दोघं सोलत होतो. ते बोटांनी चाचपून सोलत होते आणि एकही दाणा खाली पडत नव्हता. मी न बघताच विचारलं, "अहो, तुम्हाला कधीपासून कमी दिसत होतं?"

ते लगेच म्हणाले, जसा काही हा प्रश्न कधीचा येऊन पडलेला होता. म्हणाले, तू रेघा मारायला बसलीस त्याच्या आधीच्या दिवाळीपासून. उजव्या डोळ्यात काळं जाळं यायचं, मग जायचं. मग जाईना. मी म्हटलं, आणि तुम्ही बोलला नाहीत. आठ वर्षांची शुगर, घरात मी, आणि तुम्ही मला बोलला नाहीत.

त्यांनी एक शेंग सोलली, मग दुसरी. "सांगणार होतो गं," ते म्हणाले. "दोन-तीनदा अगदी ओठांवर आलं होतं. पण घरी आलो की तू चप्पल काढायचीस आणि जमिनीवर बसून म्हणायचीस, आता मला कोणाचा डोळा दाखवू नका. रोज म्हणायचीस. मला वाटलं, दिवसभर दमून आलेली असते, निदान घरात तरी हिला कोणी पेशंट नको."

त्यांच्या आवाजात जराही ठपका नव्हता. मला रडू आलं आणि ते त्यांना कळलं नाही, कारण मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले होते. त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं, ते थोडं चुकीच्या दिशेला गेलं. मी उठले, माझा पाट उचलला आणि त्यांच्या डावीकडे जाऊन बसले.